आप्पांची कमान

निपाणी,
ता. ६ ऑगस्ट १९४१

चि. कलगोंडा,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग ओसरला तर.

तुझा शामू काल भर दुपारी तंबाखूची रिकामी लॉरी दारात लावून उभा राहिला. आप्पांना जाऊन वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत तू आईला एक कार्ड टाकलं नाहीस, आणि आता चिठ्ठी आली ती अशी, की आप्पांचं कामाचं मेज, लेथ आणि हत्यारांची पेटी शामूपाशी द्यावी. बेळगावात खडेबाजारात स्वतःचं दुकान काढतो आहे, खंडेनवमीला हत्यारं तिथे पुजायची आहेत. बहिणीला लिहितोस की मामलेदाराला?

शामूची काही चूक नाही. कंग्राळीचा साधा माणूस, पायरीवर बसून डोकं खाजवत होता. "आक्का, मोकळा गेलो तर मालक मला खाऊन टाकतील बघा," म्हणाला. मी म्हटलं, खाऊ देत, तू आधी भाकरी खा. तो आमटी-भाकरी खाऊन मोकळाच परत आला, ते तू पाहिलंच आहेस.

मेज रीतीने तुझं, हे मला कुणी शिकवायला नको. मुलगा तू, मी नवऱ्यामागे माहेरी परत आलेली बाई. पण आप्पांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून त्या मेजावर कोण बसत होतं, ते निपाणीतल्या निम्म्या घड्याळांना विचार. दुखवट्याला जमलेल्या चारचौघांत तू म्हणालास, बाई मेजावर बसली तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. गिऱ्हाईक चढतं आहे. कुरकुरतं, चढतं, आणि घड्याळ ठेवून जातं.

आता कामाचं. लढाई लागल्यापासून जर्मन कमानींची पाकिटं येईनाशी झाली. तुम्ही बेळगावकर स्प्रिंग म्हणता, आम्ही अजून कमानच म्हणतो. यापुढे ज्याला घरी कमान करता येईल तोच या धंद्यात राहील. आणि घरची कमान म्हटलं की तू नाक मुरडतोस, तेही मला माहीत आहे. आपल्या माजघरातलं घड्याळ सारखं पुढे पळायचं, आप्पा सकाळी मुकाट्याने काटा मागे घ्यायचे, आणि तू ओरडायचास, "घड्याळजीच्या घरातलंच घड्याळ खोटं! ती गावठी कमान काढून टाका आप्पा, जर्मन घाला." आप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्याच भांडणावरून तू घर सोडलंस.

तेच घड्याळ परवा बंद पडलं. लंबक ज्या पातळ पट्टीला टांगलेला असतो ती कमान तुटली, आप्पांच्या हातची. तशी कमान आता मी करणार आहे. माझ्या कमानीवर ते घड्याळ खंडेनवमीपर्यंत तारऑफिसच्या वेळेला धरून चाललं, तर मेज इथे राहील. नाही चाललं तर शामूला पाठव, मी स्वतः हात लावून लॉरीत चढवून देईन. कबूल आहे का ते कळव.

आई बरी आहे.

पद्मावती

(राग ओसरला नाही.)


निपाणी,
ता. १९ ऑगस्ट १९४१

चि. कलगोंडा,

"कबूल." अख्ख्या कार्डावर एक शब्द! तिकिटाचा तरी मान राखायचास. पण चालेल, मला तेवढा पुरेसा आहे.

पहिली कमान वाया गेली, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. एका मोडक्या गजराच्या घड्याळातली जाड कमान घेतली, निखाऱ्यावर मऊ केली, ठोकून आणि सहाणेवर घासून घासून कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ केली. मग ती तापवून लाल करायची, तेलात बुडवायची, आणि पितळेच्या किसावर ठेवून पुन्हा हळूहळू ऊब द्यायची. आधी पिवळी झाक येते, मग तपकिरी, मग जांभळी. गर्द निळी आली की त्याच क्षणी उचलायची. हे सगळं तुला येतं. मी लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की मलाही येतं हे तुला कळावं.

अडचण वेगळीच आहे. लोखंड किती लाल झालं ते अंधारात नीट दिसतं, आणि चातुर्मासात दिवस मावळल्यावर आपल्या घरात विस्तव पेटवायचा नाही, पाखरं-किडे पडतात. मग मी भर दुपारी दाराखिडक्यांना घोंगडी टांगून आत बसले. शेजारणीने गावभर केलं की पद्माक्का खोलीत कोंडून काहीतरी मंत्रतंत्र करते. मष्णू लोहार दारातून सल्ला द्यायला आला, "आक्का, चरबीत बुडवा की. तेलात तडा जातोय." मी म्हटलं, जैनाच्या घरात चरबी आणतोस होय रे? तो हसत गेला. आपलं एरंडेलच बरं. आप्पांचं आयुष्य त्याच्यावर निघालं.

पहिली निळ्यावरून राखाडी झाली आणि मेणासारखी वाकली. दुसरी मात्र जमली. नखाने टिचकी मारली तर थरथरली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

आता एक सांगते. मागच्या पत्रात आई बरी आहे असं लिहिलं, ते खरं नव्हतं. घड्याळ बंद पडल्यापासून तिने संध्याकाळचं जेवण सोडलं होतं. आभाळ सगळं झाकलेलं, सूर्य कधी मावळतो ते कळत नाही, आणि मावळल्यावर घास जायचा नाही हा तिचा नेम. तुला देवी आल्या होत्या, तू वाचतोस की नाही असं झालं होतं, तेव्हा बस्तीत देवापुढे जाऊन घेतलेला. मी म्हटलं, शेजारी विचारून येते किती वाजले. तर म्हणाली, "त्येंचं घड्याळ मी का म्हणून खरं मानू? आपल्या घरचं चालू दे." ती एक वेळ जेवत होती आणि मला कमान जमत नव्हती. त्या दिवसांत माझे कसे हाल झाले ते तुला लिहून कळणार नाही.

काल लंबक हलला. संध्याकाळी सहाचे टोले पडले. आईने मला मेजावरून उठवलं, पानं घेतली आणि पोटभर जेवली. मला रडू आलं, आणि ते सांगायची लाज वाटत नाही.

तुझी आक्का


निपाणी,
ता. ३ सप्टेंबर १९४१

चि. कलगोंडा,

घड्याळ पुढे जातं आहे.

हे मी तुला न सांगता दडवू शकले असते. तू बेळगावात, घड्याळ माझ्या माजघरात. पण खोटं बोलून जिंकलेलं मेज माझ्या काय कामाचं?

मी ताळा कसा घेते ते ऐक. तारऑफिसातला शिपाई भरमू आपल्या गल्लीतच राहतो. सकाळी जाताना तो आप्पांचं खिशातलं घड्याळ घेऊन जातो, तिथल्या वेळेला लावतो, आणि पाचच्या सुमाराला परत आणून देतो. त्यावरून मी माजघरातलं घड्याळ लावते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहावं तर ते पुढे गेलेलं. एखाद्या दिवशी थोडं, एखाद्या दिवशी चांगलंच. भरमूला तर गंमतच झाली आहे. दारातूनच विचारतो, "काय आक्का, आज किती पळालं?"

तुला वाटेल, लंबक खाली उतरवायचा, त्यात काय. उतरवला. त्याखालचा नट फिरवून फिरवून पार शेवटाला आणला, तरी पुढेच. म्हणजे कमान कडक झाली, दुसरं काय असणार? म्हणून तिसरी केली, आणखी पातळ. चौथी केली. बोटं भाजून सोललीत. हळद लावते आणि पुन्हा बसते.

परवा आई म्हणाली, "पुरं कर गं. घड्याळ चालतंय की चांगलं." मी तिच्यावर ओरडले. चांगलं म्हणे! तिला काय ठाऊक, माझं सगळं या घड्याळाला टांगलेलं आहे.

आणि तुला हसू येत असेल तर खुशाल हस. आप्पांच्या कमानीसारखंच झालं, हे मलाही दिसतं आहे. पण मी सोडणार नाही.

आक्का


निपाणी,
ता. १२ सप्टेंबर १९४१

चि. कलगोंडा,

शामूला तू पाहणी करायला पाठवलंस, आणि तोही नेमका असल्या दिवशी आला!

इतके दिवस ढग होते. तो आला त्याच्या आदल्या दिवशी लख्ख ऊन पडलं, रस्ते वाळले, तंबाखूवाल्यांनी चटया बाहेर काढल्या. आणि भरमूने खिशातलं घड्याळ आणून शामूच्या हातात दिलं, तेव्हा माजघरातलं घड्याळ मागे होतं! पुढे नाही, मागे. शामू दोन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आभाळ भरून आलं, आणि त्याच्या पुढच्या संध्याकाळी घड्याळ पुन्हा पुढे.

शामू म्हणाला, "आक्का, राग मानू नगा. पण तुमचं घड्याळ हवा बघून चालतंय." भरमू इतका हसला की त्याला ठसका लागला. मलाही हसायला आलं असतं, मेज पणाला लागलेलं नसतं तर.

मला वाटलं दमटपणा. पोलादाला दमट हवा बाधत असेल. मी पेटीत चुन्याच्या पुड्या ठेवल्या, कमानीला तेलाचं बोट लावलं. आईने विचारलं, "घड्याळात चुना कशाला गं? पान खातंय व्हय?" तिलाही आताच चेष्टा सुचते.

शामूने तुला काय सांगितलं असेल त्याची मला कल्पना आहे. त्याने खरं तेच सांगितलं असेल. तरी खंडेनवमी यायची आहे अजून. तोवर मेज माझं आहे आणि मी त्याच्यावर बसणार आहे.

पद्मावती


निपाणी,
ता. १७ सप्टेंबर १९४१

चि. कलगोंडा,

तुझं कार्ड पोचलं. "शामू लॉरी घेऊन खंडेनवमीच्या आधी येईल. तयारी ठेवावी." या वेळेला एका शब्दाहून जास्त लिहिलंस, उपकार झाले.

आता खाली बस आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबव.

काल आभाळ गच्च होतं. मी पुढच्या खोलीत मेजावर होते. निखारा बोटाला लागला, म्हणून हळद घ्यायला उठून माजघरात गेले. एरवी मी सहाचे टोले पडल्याशिवाय उठत नाही, तुला माहीत आहे. आई स्टुलावर चढली होती. घड्याळाची काच उघडी, आणि ती एका बोटाने मोठा काटा हळूहळू पुढे सारत होती. माझ्या देखत काटा बारावर आला आणि सहाचे टोले पडले.

"आई! काय करतीस?"

ती दचकली नाही की लाजली नाही. काच लावली, खाली उतरली. "जेवायची येळ केली," म्हणाली.

"रोज करतीस हे?"

"रोज कशाला? ऊन असलं की न्हाय करत. तवा सूर्य दिसतोय की. ढग असलं की मला अंधारून आल्यावानी वाटतंय, मग वाईच पुढं सारतो."

"अगं, लवकर जेवायचं तर लवकर जेव ना! घड्याळ कशाला ढकलतीस?"

"मी एकटी जेवू? आणि तू? टोले पडल्याबिगर तू त्या मेजावरनं उठतीस व्हय? तुझं आप्पा तरी उठत व्हते? हाका मारून घसा बसायचा माझा. मग मी काट्यालाच हात घालायला लागलो. टोले पडलं की गुमान हात धुऊन पानावर येत व्हते."

कलगोंडा, मी तिला विचारलं, मग इतके दिवस मला सांगितलं का नाहीस? मी कमानीमागून कमानी केल्या, बोटं जाळली, तुझ्यावर ओरडले. तर म्हणते कशी, "तू मला इचारलंस कुठं? तू घड्याळालाच इचारत व्हतीस."

मग मी विचारलं, आप्पांना हे ठाऊक होतं का?

"ठावं न्हवतं तर? सकाळी काटा मागं कोण घेत व्हतं?"

"मग कलगोंडा एवढा बोलायचा, गावठी कमान म्हणायचा, तेव्हा आप्पा गप्प का बसले? एका शब्दात सांगता आलं असतं."

आई पानं मांडत होती. म्हणाली, "मी म्हटलं व्हतं, सांगा पोराला. तर म्हणाले, सांगितलं तर पोरं तुला हसतील. तुझ्या नेमाला हसतील. मला हसू देत, माझी कमान काय त्यानं मोडत न्हाय."

बाबा रे, आता तूच सांग. तू घर सोडून गेलास तेव्हा आप्पा दारात उभे होते. त्यांच्या तोंडात उत्तर होतं आणि त्यांनी ते गिळलं. त्यांची कमान खोटी नव्हती. कधीच नव्हती. आई ज्या नेमापायी काटा सारत होती तो नेम तुझ्यासाठी, आणि त्या काट्यापायी तू बापाला खोटा ठरवून गेलास. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. मलाही कुठे कळलं होतं? मीही त्याच घरात राहत होते, आणि आप्पांच्या कमानीत खोट आहे असं मलाही मनातून वाटायचंच.

पुढचं ऐक. मी पेटीतून ती पहिल्यांदा जमलेली कमान काढली, परत चढवली, आणि लंबक जुन्या खुणेवर आणला; तो मी पार खाली उतरवला होता म्हणूनच उन्हाच्या दिवशी घड्याळ मागे पडलं होतं. आईचं जेवण झाल्यावर, म्हणजे तिचा हात लागायचा धोका टळल्यावर, खिशातल्या घड्याळावरून काटे लावले. आज सकाळी भरमू यायच्या आत ताडून पाहिलं. दोन्ही घड्याळं जुळी भावंडं असावीत तशी. भरमूला दाखवलं. तो आज काही हसला नाही.

तरी तुझा विश्वास बसावा असं मी म्हणत नाही. आपला करार माजघरातल्या घड्याळावर होता. ते घड्याळ तारऑफिसशी जुळलं नाही आणि जुळणारही नाही, कारण आई काटा सारायची थांबणार नाही आणि मी तिला थांबवणार नाही. करारावर बोट ठेवशील तर मी हरले. म्हणून या पत्रात मेणकागदात गुंडाळून एक कमान पाठवते आहे. तुझ्या दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाला घाल. तिथे कुणाला नेम नाही, कुणी स्टुलावर चढत नाही. रोज तारऑफिसशी ताड. मग शामूला पाठव किंवा नको पाठवू.

एवढं मात्र सांगते, लॉरी आलीच तर मेज चढवायला मी हात लावणार नाही. मागे लावीन म्हणाले होते, तो शब्द मी मागे घेते. न्यायचंच असेल तर तू स्वतः ये, आप्पा बसायचे त्या बाजूने ते उचल, आणि ने.

तुझी आक्का


निपाणी,
ता. २६ सप्टेंबर १९४१

चि. कलगोंडा यास आशीर्वाद.

या वेळेला आधी लिहिला.

शामू काल आला. लॉरीचा आवाज ऐकून मी मेजावरून उठलेच नाही, हातातली पट्टी घट्ट धरून बसून राहिले. तो खाली उतरला तो काखेत घोंगडीचं गाठोडं घेऊन. गाठोड्यात एक भिंतीवरचं घड्याळ. पत्र नाही, चिठ्ठी नाही. मी उघडून पाहिलं, लंबकाची कमान तुटलेली.

"मालकानं काय सांगितलंय?" मी विचारलं.

"ह्ये आक्काकडं पोचव म्हणाले. कुणा साहेबाचं हाय. बेळगावात कमान मिळंना."

"आणि मेज?"

"मेजाचं काय बोललं न्हाईत. दुकानात मेजासाठी जागा मोकळी ठेवलती न्हवं का, तिथं परवा बाकडं आणून टाकलंय. गिऱ्हाईकाला बसायला." मग म्हणाला, "तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मालक जेवाय घरी गेलंच न्हाईत. दुकानातच बसून व्हते. तुमची ती कमान त्येनी सोत्ता घातली. मला हातबी लावू दिला न्हाय."

ती कशी चालते आहे ते मी शामूला विचारलं नाही. चालत नसती तर हे घोंगडीतलं घड्याळ आलं नसतं, एवढं मला समजतं.

आई बाहेर आली, घड्याळाभोवतीची घोंगडी उचलली आणि हातात धरून उभी राहिली. आप्पांची घोंगडी ती, तू जाताना नेलेली. मला वाटलं होतं तू ती केव्हाच टाकून दिली असशील. आई ती घडी करून आत घेऊन गेली. ती आता परत मिळायची नाही, थंडीला दुसरी बघ.

साहेबाच्या घड्याळाला कमान बसवली आहे. चालू आहे, माझ्यासमोर टांगलं आहे. पण शामूबरोबर ते देणार नाही. त्याला पुन्हा मोकळाच पाठवते आहे. त्याला आता त्याची सवय झाली आहे.

खंडेनवमीला हत्यारं इथेच पुजीन. लेथ पुसून ठेवला आहे. आप्पांचा चिमटा कधीपासून सापडत नव्हता, तो मेजाच्या खणात मागे अडकलेला मिळाला. दुसऱ्या दिवशी दसरा. साहेबाचं घड्याळ न्यायला तू ये. आईला सोनं दे. मेजावर दोन माणसं बसतात, आपण लहानपणी बसत होतो. बेळगावची तुटलेली घड्याळं तू इकडे पाठवत जा, मी कमानी करीन. दुकानाच्या पाटीवर माझं नाव घाल म्हणत नाही. आप्पांचं घाल.

ये तो दिवस मावळायच्या आत ये. आई तुझ्यासाठी खोळंबेल, आणि तिचं जेवण चुकवलंस तर मी तुला पायरी चढू देणार नाही. आभाळ भरलेलं असलं तर आणखी लवकर ये, त्या दिवशी आपल्या घरात सहा लवकर वाजतात.

आणि एक रात्र मुक्काम कर. सकाळी काटा मागे घ्यायचं काम आप्पांनंतर माझ्याकडे आलं आहे. त्या एका सकाळी ते तू कर. स्टूल घ्यावं लागणार नाही, तू उंच आहेस. काच उघड, काटा घे, काच लाव, आणि आईला काही बोलू नकोस.

वाट बघते.

तुझी आक्का